उपरी, सभासद आणि सहयोगी : सामायिक संस्थांच्या नेतृत्वात लहान घटकांचे स्थान

सामायिक मालमत्तेवर उभ्या राहिलेल्या संस्थांच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उद्भवलेला दिसतो. मालमत्ता सर्वांची असली, तरी तिच्याविषयीचा निर्णय कोणी घ्यावयाचा? ज्याचा वाटा मोठा त्याने, ज्याचे श्रम अधिक त्याने, की जो केवळ तिचा उपयोग करतो त्यालाही ह्या निर्णयात काही स्थान असावे? गेल्या चार दशकांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हाच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून रचलेल्या आणि कोणालाही विनामूल्य वापरता येणाऱ्या ह्या संगणक-आज्ञावलींचा कारभार हळूहळू मोठ्या कंपन्यांच्या वेतनावर काम करणाऱ्या मंडळींकडे गेला. सुटीच्या दिवशी हौसेने काम करणारा, किंवा तालुक्याच्या गावी ती आज्ञावली नुसती वापरणारा मनुष्य नेतृत्वाच्या वर्तुळाबाहेर राहू लागला.

धाराशिव जिल्ह्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. ह्या भूभागाने वतनसंस्थेतील गावगाडा पाहिला आहे आणि सहकारी चळवळीचा चढउतारही अनुभवला आहे. दोन्ही ठिकाणी लहान घटकाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता व तो वेगवेगळ्या रीतींनी सोडविला गेला, अथवा सोडविला गेला नाही. हे दोन जुने अनुभव आणि मुक्तस्रोत संस्थांच्या घटनांचा अलीकडील इतिहास एकमेकांशेजारी ठेवले असता कोणती निरीक्षणे हाती लागतात, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. मिरासदार आणि उपरी

मराठी मुलखातील जुन्या गावात शेत कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदार हा गावचा वंशपरंपरागत हक्कदार. जमिनीवर त्याची मिरास असे व गोतसभेत त्याला स्थान असे. उपरी हा बाहेरून आलेला कसणारा. तो सारा देई, गावच्या विहिरीचे पाणी पिई, गावच्या जत्रेत सामील होई. परंतु वतनाचा तंटा गोतापुढे आला म्हणजे निवाडा करणाऱ्यांत त्याची गणना होत नसे. गोताच्या महजरावर पाटलाची निशाणी नांगर असे आणि बलुतेदारही आपापल्या व्यवसायाच्या हत्याराचे चिन्ह उमटवीत. म्हणजे गोतसभा ही केवळ बड्यांची सभा नव्हती. सुतार, लोहार, चांभार ह्यांनाही तीत जागा होती. ती जागा मात्र वतनाच्या नात्याने मिळे. वि. त्र्यं. गुणे ह्यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ सालच्या ग्रंथात ह्या सभांच्या रचनेचा तपशीलवार विचार आलेला आहे.

उपऱ्याजवळ बोलण्याचा हक्क नव्हता, पण सोडून जाण्याची मोकळीक होती. पडीत जमीन लागवडीस आणावयाची तर माणूस हवा, म्हणून गावाला त्याची गरज असे आणि त्याला साऱ्यात सवलत देऊन बोलाविले जाई. जाच झाला तर तो दुसऱ्या गावी जाई. मिरासदाराला हे सहज शक्य नव्हते; त्याची मुळे गावात रुतलेली असत. एकाला मत होते पण पाय बांधलेले होते. दुसऱ्याचे पाय मोकळे होते पण त्याला मत नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन ह्यांनी १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ ह्या ग्रंथात संस्थेवर नाराज झालेल्या मनुष्यापुढील दोन मार्गांची जी मांडणी केली, ती ह्या जुन्या भेदाला चपखल लागू पडते. एक मार्ग बाहेर पडण्याचा, दुसरा आत राहून बोलण्याचा. पुढील दोन्ही उदाहरणांत ह्या दोन मार्गांचे परस्परांशी असलेले नातेच निर्णायक ठरलेले दिसते.

२. सहकारी सभासद

सहकाराने ह्या दोन हक्कांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथील विणकर आदी कामगारांनी जी परंपरा सुरू केली, तिचा गाभा ‘एक सभासद, एक मत’ हा होता. भाग दहा असोत वा हजार, मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ह्याच्या कलम २७ मध्ये हेच तत्त्व ग्रथित झाले. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात व त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात होता. १९६० साली तो महाराष्ट्राचा भाग झाला. त्यामुळे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेल्या साखर कारखान्याचा आदर्श मराठवाड्यात काहीसा उशिरा पोहोचला. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हे धाराशिव जिल्ह्यातील त्याचे ठळक फळ होय. पुढे तो कर्जबाजारी होऊन अनेक वर्षे बंद राहिला, ही गोष्टही जिल्ह्याच्या स्मरणात ताजी आहे.

मत समान असताना सत्ता समान राहिली काय? बी. एस. बाविसकर ह्यांनी कोपरगाव येथील कारखान्याचा जो समाजशास्त्रीय अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला, त्याने ह्या संस्थांतील राजकारणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. २००१ साली अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज रे ह्यांनी महाराष्ट्रातील सुमारे शंभर सहकारी साखर कारखान्यांच्या १९७१ ते १९९३ ह्या काळातील आकडेवारीवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. जेथे जमीनधारणेतील विषमता अधिक, तेथे उसाचा भाव कमी ठेवला जातो व कारखान्याची गाळपक्षमताही कमी राहते. ह्याचे कारण असे, की उसाला कमी भाव दिल्याने कारखान्यात शिल्लक राहणारा पैसा कसा खर्च करावयाचा हे संचालक मंडळ ठरविते, आणि मंडळावर मोठ्या बागाइतदारांचे वजन प्रमाणाबाहेर असते. भाव कमी मिळाल्याचा तोटा लहानमोठे सर्वच सोसतात; शिल्लक पैशाचा लाभ मात्र मोजक्यांकडे वळतो. समान मतदानाचा नियम अक्षरशः पाळला जात असतानाही हे घडू शकते, ही ह्या संशोधनातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

येथे बाहेर पडण्याचा मार्गही अरुंद होता. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. त्याचा उतारा तासागणिक घटतो. त्यातच १९८४ च्या आदेशान्वये प्रत्येक कारखान्याला ऊसपुरवठ्याचे क्षेत्र राखून देण्यात आले आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हे बंधन टिकले. शेजारच्या कारखान्याला ऊस घालण्याची मोकळीक नसलेल्या शेतकऱ्याचे मतही त्यामुळे दुबळे होते. जो जाऊ शकत नाही, त्याच्या बोलण्याची दखल घेण्याचे कारण उरत नाही.

सभासद कोणास म्हणावे, हा दुसरा वादाचा विषय होता. निवडणुकीच्या तोंडावर नावापुरते सभासद भरण्याची रीत महाराष्ट्रातील सहकारात सर्वपरिचित आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीच्या पार्श्वभूमीवर २०१३ साली राज्याच्या अधिनियमात ‘क्रियाशील सभासद’ ही संकल्पना आणली गेली. संस्थेच्या सेवांचा किमान उपयोग व सर्वसाधारण सभेतील उपस्थिती ह्या कसोट्या लावण्यात आल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतील सहकारी संस्थांपुरती ती घटनादुरुस्ती राज्यांच्या संमतीअभावी अवैध ठरविली. परंतु क्रियाशीलतेची कल्पना राज्याच्या कायद्यात रुजली होती. ह्या कल्पनेला दोन बाजू आहेत. नावापुरता सभासद तिच्यामुळे दूर होतो हे खरे. पण धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ज्याची विहीर आटली तो ऊस कोठून घालणार? सलग दोन-तीन दुष्काळी वर्षांनंतर खरा लहान सभासदही ह्या कसोटीला उतरणार नाही, असा धोका तीत आहेच.

३. मुक्तस्रोत संस्थांच्या घटना

मुक्तस्रोत चळवळीचा पाया ह्याच्या नेमका उलट घातला गेला. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना प्रसिद्ध केला. त्याने प्रत्येकाला आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेली प्रत वाटण्याचा हक्क दिला. कारभार कोणी पाहावा, मतदान कसे व्हावे, ह्याविषयी परवान्यात अवाक्षर नाही. ज्याला कारभार पटत नाही त्याने मूळ मजकूर घेऊन स्वतःची निराळी शाखा काढावी, एवढेच संरक्षण पुरेसे मानले गेले. उपऱ्याची मोकळीक येथे कायदेशीर हक्काच्या पदवीला पोहोचली.

ह्या हक्काचे सर्वांत यशस्वी उदाहरण २०१० सालचे आहे. ओपनऑफिस ह्या कार्यालयीन आज्ञावलीच्या नव्या मालकाच्या धोरणावर असंतुष्ट झालेल्या मंडळींनी लिबरऑफिस ही शाखा काढली आणि तीच पुढे अधिक नांदती झाली. परंतु हे पाऊल उचलणारे लोक एकाकी नव्हते. अनुभवी रचनाकारांचा समूह आणि लिनक्सचे वितरण करणाऱ्या संस्था त्यांच्या पाठीशी होत्या. तालुक्याच्या गावी त्याच आज्ञावलीत अर्ज व दाखले छापणाऱ्या दुकानदाराला हाच हक्क कागदोपत्री तितकाच आहे, पण त्याच्या हाती तो निरुपयोगी आहे. शाखा काढण्यास श्रम, ज्ञान आणि मनुष्यबळ लागते. पाय मोकळे असूनही वाटखर्ची नसलेल्या प्रवाशासारखी त्याची अवस्था होते.

म्हणून बाहेर पडण्याच्या हक्काच्या जोडीला मताचा हक्क घडवावा लागला. ह्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा प्रयत्न डेबियन प्रकल्पाचा होय. १९९३ साली इयन मर्डॉक ह्यांनी सुरू केलेल्या ह्या प्रकल्पाने १९९७ साली एक सामाजिक करार स्वीकारला व त्यात उपयोगकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर ह्यांना अग्रक्रम देण्याचे वचन दिले. १९९८ साली त्याने स्वतःची लेखी घटना केली. तीनुसार प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो, मत व्यक्तीला असते, कंपनीला नसते. मात्र आरंभी मतदार होण्याचा रूढ मार्ग आज्ञावलींची बांधणी करणे हाच होता. भाषांतर करणारा, मार्गदर्शिका लिहिणारा, चित्रे काढणारा हे सर्व उपरीच राहिले. २०१० साली प्रकल्पाच्या सभासदांनी सर्वसाधारण ठराव करून बांधणीव्यतिरिक्त अन्य काम करणाऱ्यांनाही पूर्ण सभासदत्व देण्याचे मान्य केले. उपऱ्याला मिरास देण्याचाच हा प्रकार होता.

इतर संस्थांनी दुसरी युक्ती योजली. त्यांनी एका धन्याच्या चाकरांनी मंडळ व्यापू नये म्हणून कमाल मर्यादा घातली. ग्नोम फाउंडेशनमध्ये एकाच संस्थेशी संबंधित व्यक्तींना संचालक मंडळाच्या ४० टक्क्यांहून अधिक जागा मिळू शकत नाहीत. लिबरऑफिसचा सांभाळ करणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनने ही मर्यादा एकतृतीयांशावर आणली. पायथन भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम ह्यांनी २०१८ साली सर्वाधिकार सोडल्यावर पाच जणांची जी सुकाणू समिती आली, तीत एका मालकाचे दोहोंपेक्षा अधिक नोकर असू नयेत असा नियम झाला. सहकारी साखर कारखान्याच्या मंडळावर एकाच घराण्याच्या वा एकाच गावच्या किती जागा असाव्यात ह्यावर जर अशी मर्यादा असती, तर इतिहास कसा वळला असता, हा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

४. दोन प्रसंग

उलट दिशेचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. लिनक्स फाउंडेशन ही २००७ साली दोन संस्थांच्या विलीनीकरणातून बनली. तिच्या सर्वोच्च श्रेणीच्या सभासद कंपन्या वर्षाला पाच लाख डॉलर वर्गणी देतात व आपले संचालक मंडळावर पाठवितात. त्यांच्या जोडीला अल्प वर्गणी देणाऱ्या व्यक्तिगत सभासदांनाही आपले संचालक निवडण्याची सोय होती. जानेवारी २०१६ मध्ये पोटनियमांत बदल करून ती काढून टाकण्यात आली. लिनक्सच्या गाभ्यात विनावेतन काम करणाऱ्यांचा वाटा त्याआधीच वर्षानुवर्षे घटत चालला होता; फाउंडेशनच्याच २०१७ च्या अहवालात तो दहा टक्क्यांच्या आत आलेला दिसतो. ह्या बदलाचे समर्थन असे करता येईल, की जे काम करवून घेतात व खर्च सोसतात त्यांनीच कारभार पाहावा. समर्थन अगदी पोकळ नाही. पण मोठ्या बागाइतदारांचा युक्तिवादही हाच होता.

दुसरा प्रसंग ओपनस्ट्रीटमॅप ह्या मुक्त नकाशाचा. २००४ साली स्टीव्ह कोस्ट ह्यांनी सुरू केलेला हा नकाशा हौशी माणसांनी रस्ता, ओढा, वाडी पायी हिंडून नोंदविल्यामुळे वाढला. एखाद्या ठिकाणाला तेथील लोक काय म्हणतात, ह्याला त्यात वजन आहे; उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले, तेव्हा अशा नकाशावरील नोंदी अचूक ठेवण्यात स्थानिक हौशी मनुष्याचे काम किती मोलाचे असते हे सहज ध्यानी येते. २००६ पासून ह्या नकाशाची पाठराखण करणाऱ्या फाउंडेशनच्या मंडळाची निवडणूक सभासदांच्या मतांनी होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये, मतदानास पात्र होण्याची मुदत संपत आली असता, एकाच कंपनीशी संबंधित अशी सुमारे शंभर नावे भारतातून एका दिवसात सभासद म्हणून दाखल झाली. चौकशी झाली, अहवाल प्रसिद्ध झाला आणि संस्था खडबडून जागी झाली. सहकारी निवडणुकीतील सभासदभरती ज्याने पाहिली आहे, त्याला ह्यात नवल वाटणार नाही. नवे एवढेच, की येथे चौकशीचा अहवाल सर्वांपुढे तत्काळ खुला झाला.

ह्यानंतरच्या काळात, २०२० साली, संस्थेने जो उपाय योजला तो अभ्यासनीय आहे. वर्षातून किमान ४२ दिवस नकाशावर काम केलेल्या व्यक्तीला वर्गणीवाचून सभासदत्व मिळू लागले. नकाशाखेरीज अन्य प्रकारे काम करणाऱ्यांसाठीही अर्जाची वाट ठेवण्यात आली. ‘क्रियाशील सभासद’ ही आपल्याकडील २०१३ ची कल्पना आणि ही तरतूद ह्यांचे साम्य उघड आहे. भेद त्यांच्या परिणामात आहे. आपल्या कायद्यात क्रियाशीलतेची कसोटी मुख्यतः हक्क काढून घेण्यासाठी लावली गेली. नकाशाच्या संस्थेत तीच कसोटी पंधरा पौंडांची वर्गणी ज्याला जड जाते अशा हौशी मनुष्यासाठी दार उघडण्यास वापरली गेली. वर्षातील बेचाळीस दिवस म्हणजे जवळजवळ आठवड्यातून एक सुटी. एवढे माप नोकरी सांभाळून काम करणाऱ्याच्या आवाक्यातले आहे.

५. मराठी उपयोगकर्त्याचे स्थान

ह्या साऱ्याचा मराठी माणसाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होईल. लोहित ह्या मुक्त टंकमालेचा इतिहास त्याचे उत्तर देतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक ह्या संस्थेने घडविलेल्या ह्या टंकमाला रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या आणि लिनक्सवर देवनागरी वाचणे सुकर झाले. लाभ मोठा होता; परंतु तो मराठी उपयोगकर्त्याच्या प्रतिनिधीने मागून मिळविला असे नव्हे, एका कंपनीला तो द्यावासा वाटला म्हणून मिळाला. ‘ॲ’ ह्या अक्षराची कथा ह्याची दुसरी बाजू दाखविते. मराठी माणूस ‘ॲ’ पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आला. युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेतात त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत मिळाले. युनिकोड कन्सॉर्शियम १९९१ सालीच स्थापन झाले होते. मध्यंतरीच्या सतरा वर्षांत मराठी लिहिणाऱ्याला हे अक्षर कसेबसे जोडून भागवावे लागले. कोट्यवधी लोकांची भाषा असली, तरी निर्णयाच्या मेजाशी तिचा माणूस नसेल तर ती लहानच ठरते, हे ह्यावरून स्पष्ट होते.

६. उपसंहार

ह्या तुलनेतून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला असा, की बाहेर पडण्याचा हक्क कितीही उदार असला, तरी तो वापरण्याचे सामर्थ्य ज्याच्याजवळ नाही त्याला मताच्या हक्कावाचून गत्यंतर नाही. दुसरा असा, की केवळ समान मत पुरेसे नाही. सभासद कोण, एका हितसंबंधाला किती जागा, आणि संस्थेची शिल्लक कोणाच्या इच्छेने खर्च व्हावी, हे तीन प्रश्न पोटनियमांत सुटले नाहीत तर समान मत बड्यांच्याच पथ्यावर पडते. तिसरा निष्कर्ष अधिक नाजूक आहे. मुक्तस्रोत संस्थांनी हौशी श्रमिकाला सभासद करून घेण्याच्या रीती शोधल्या. पण जो काहीच रचत नाही, केवळ वापरतो, त्याच्या प्रतिनिधित्वाचा मार्ग त्यांना अद्याप सापडलेला नाही. डेबियनच्या करारात त्याला अग्रक्रम आहे, मतपत्रिका नाही. भाषांतर, दोषनोंद व मार्गदर्शिकालेखन ह्या वाटा आज त्याच्यासाठी खुल्या आहेत, आणि मराठी उपयोगकर्त्याला ह्या वर्तुळात शिरावयाचे तर त्यांतूनच शिरावे लागेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे कामही पुष्कळ आहे. मुक्तस्रोत संस्थांचे ठराव, मतमोजण्या व वादविवाद आरंभापासून सार्वजनिक आहेत. त्यांच्या तोडीची साधने धाराशिव जिल्ह्यातील सहकारी संस्थांनीही निर्माण केली : पोटनियम, वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या. ही सर्व कागदावर आहेत, आणि अवसायनात निघालेल्या संस्थेचे दप्तर सांभाळण्याची जबाबदारी कोणालाच आपली वाटत नाही. ढोकी, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा ह्या भागांतील अशा दप्तरांची सूची करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील कार्य आहे. लहान सभासद सभेत काय बोलला आणि त्याचे काय झाले, हे त्या इतिवृत्तांत शोधता येईल. दप्तरे वाळवीच्या हवाली झाल्यावर ते शोधण्याचे दुसरे साधन राहणार नाही.